नवीन कोंबडीपालनवाल्यांसाठी: रानपक्ष्यांकडून रोग शेडमध्ये कसा येतो आणि तो दारातच कसा अडवायचा

आमचं शेड भिगवणच्या बाजूला, उजनीचं बॅकवॉटर तिथून फार लांब नाही. गावरान कोंबड्या, मुख्य धंदा अंड्यांचा. थंडी सुरू झाली की धरणावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, चक्रवाक येतात, पट्टकादंब नावाचे रानहंस येतात, पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात, आणि इकडे आमच्या फोनला उसंत नसते. कुणीतरी ग्रुपवर मेलेल्या कावळ्याचा फोटो टाकतो आणि मग नवीन शेड टाकलेली पोरं विचारत सुटतात, दादा आता कोंबड्या काढून टाकू का, दादा फ्लेमिंगोमुळे होतं का, दादा लस कुठली मारू. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय, वाचा आणि पुढच्याला पाठवा.

मुद्दा एकच आहे. धरणावरचा रोहित काय तुमच्या शेडात येऊन कोंबडीच्या मांडीला मांडी लावून बसत नाही. येते ती पाणपक्ष्यांची शीट, आणि ती येते चपलेला लागून, टायरला लागून, अंड्याच्या ट्रेला चिकटून, तळ्यातून भरलेल्या बादलीतून, नाहीतर कावळ्याच्या पायाने. आकाशातले पक्षी तुम्ही अडवू शकत नाही, हे बाकीचे रस्ते मात्र अडवू शकता आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

१. आधी रोग समजून घ्या

रानपक्षी आणि कोंबड्या यांच्यात ये-जा करणारे व्हायरस बरेच आहेत, पण नवीन माणसाने दोन पक्के डोक्यात ठेवायचे: बर्ड फ्लू आणि रानीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात.

बर्ड फ्लूचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी. बदकं, हंस, कुरव, चिखलात चोच घालणारे छोटे पक्षी. रानबदकाच्या आतड्यात हा व्हायरस वाढतो, शीटेतून पाण्यात जातो, दुसरं बदक तेच पाणी पितं, झालं. बऱ्याचदा बदकाला काही होतही नाही, धडधाकट उडत असतं. हा झाला सौम्य प्रकार. गडबड होते ती यातले एच५ आणि एच७ गटाचे व्हायरस कोंबड्यांमध्ये शिरले की. हजारो कोंबड्या, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, दाटीवाटीने, व्हायरसला एकीतून दुसरीत जायला अडथळाच नाही, आणि असा फिरता फिरता तो बदलतो. सौम्य व्हायरसला पेशीत शिरायला जे एन्झाइम लागतं ते फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात सापडतं, म्हणून तो तिथपुरताच राहतो. त्याच्या वरच्या प्रोटीनमध्ये एका ठरावीक जागी बदल झाला की शरीरात सगळीकडे असलेली एन्झाइम्स त्याला चालतात, मग मेंदू, हृदय, किडनी काहीच सुटत नाही. शेडच्या शेड दोन-चार दिवसांत बसतं ते यामुळे.

आणि हा मारका झालेला व्हायरस नंतर उलटा रानपक्ष्यांकडे जातो, हे फार लोकांना माहितीच नसतं. आज जगभर जो एच५एन१ (एच५ गटातलाच बर्ड फ्लू) फिरतोय त्याचा पूर्वज १९९६ ला चीनमध्ये ग्वांगडोंगला पाळीव हंसांत सापडला होता. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, त्यातली ६ गेली. २००५ ला चीनच्याच चिंगहाय सरोवरावर पट्टकादंब आणि बाकीचे पक्षी हजारोंनी मेले आणि तिथून पुढे तो स्थलांतराच्या वाटेवर पसरत गेला. म्हणजे जंगलातून शेडात, शेडातून परत जंगलात. पक्ष्यांनी आणला पक्ष्यांनी आणला म्हणून ओरडताना आपल्या बाजूने त्यांना काय जातंय तेही बघायला पाहिजे, त्यावर खाली लिहिलंय.

आपल्याकडचं सांगायचं तर भारतात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला तोच मुळी महाराष्ट्रात, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला. सुरुवातीची मरतूक तिथे रानीखेतच समजली गेली होती, हे लक्षात ठेवा, याचं काम पुढे पडणार आहे. नंतर २०२०-२१ च्या थंडीत हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकादंब हजारोंनी मेले, राजस्थान-मध्यप्रदेशात कावळे पडले, केरळात बदकं गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले आणि उरणकडे चिरनेरला कोंबड्या. बघा, जवळजवळ सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत. एकतर पाहुणे पक्षी तेव्हाच इथे असतात, दुसरं म्हणजे थंडीत व्हायरस जास्त टिकतो. ४ अंश तापमानाला विष्ठेत तो महिन्यापेक्षा जास्त जगतो, ३७ अंशाला आठवड्याच्या आतच संपतो. आपल्याकडे ४ अंश होत नाही हे मान्य, पण सावलीतल्या ओल्या चिखलात आणि मे महिन्यातल्या अंगणात फरक असतोच.

रानीखेतचं वेगळं आहे. तो वर्षभर असतो, पारवे-कबुतरं, पाणकावळे असे बरेच पक्षी तो वाहतात, आणि खरं सांगायचं तर गावातल्या मोकाट कोंबड्याच त्याचा सगळ्यात मोठा साठा असतात. हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास घेणं, पाय-पंख लुळे पडणं, मान पिळवटणं. एकच दिलासा, याला लस आहे.

कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स) पण असते पण ती जास्त करून डासांनी पसरते, तिचं इथे लांबण लावत नाही.

२. जागा ठरवताना पाण्याकडे बघा

शेततळ्याच्या काठावर शेड टाकायची हौस सगळ्यांना असते, वारा चांगला लागतो, पाणी जवळ पडतं. पण तेच तळं थंडीत वारकरी (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी) आणि रानबदकांनी भरलेलं असतं. जमत असेल तर पाण्यापासून लांब जा. जागा बदलणं शक्य नसेल तर निदान तळं आणि शेड यांच्यामध्ये येणं-जाणं एकाच वाटेने ठेवा आणि तळ्यावर काम करणारा माणूस तसाच थेट शेडात जाणार नाही एवढं बघा.

शेडच्या डोक्यावर मोठं झाड असेल आणि त्यावर बगळ्यांची वसाहत असेल तर खालची सगळी जमीन पांढरी झालेली असते. झाड तोडायला धावू नका. शेडच्या चारही बाजूंनी सहा-सात फूट जागा साफ ठेवा, मुरूम नाहीतर खडी टाका, गवत वाढू देऊ नका. मुरमावर शीट उन्हाने लवकर वाळते, गवतात ती ओली राहते.

अंतराचे सरकारी नियम आहेत, वस्तीपासून, पाण्यापासून, रस्त्यापासून किती. ग्रामपंचायतीची नाहरकत घेतानाच ते विचारून घ्या, शेड बांधून झाल्यावर नको.

३. शेड चिमणीबंद करा, नुसतं कोंबडीबंद नको

इथे बहुतेक लोक फसतात. चिकन जाळी मारली म्हणजे झालं असं वाटतं. एक इंची जाळीतून चिमणी अंग चोरून आरामात आत येते, फीडरवर बसते, पोट भरून जाते, दिवसभर हेच. अर्धा-पाऊण इंची जाळी घ्या, वेल्डमेश परवडली तर उत्तमच. पत्रा आणि भिंत यांच्या मधली जी फट असते ना, वाऱ्यासाठी सोडलेली, तिथे जाळी मारायची राहते आणि साळुंकी नेमकी तिथेच घरटं करते.

खाद्याची पोती शेडच्या बाहेर उघडी ठेवायची नाहीत. सांडलेलं खाद्य रोज संध्याकाळी झाडून घ्यायचं. कावळा आणि चिमणी शेडाकडे येतात ते खाद्यासाठी, कोंबड्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही, खाद्य दिसलं नाही की निम्मे आपोआप कमी होतात.

कावळ्याचं जास्त लक्षात ठेवा. पाणवठ्यावर मेलेलं बदक तोच फोडतो आणि तासाभराने तुमच्या ड्रिंकरच्या ओव्हरफ्लोवर पाणी प्यायला तोच येतो. एकदा दुपारी शांत बसून बघा शेडच्या मागच्या बाजूला, पाइपातून थेंब थेंब गळतं तिथे डबकं साचलेलं असतं, कावळा आधी त्यात चोच पुसतो, मग पितो, मग आंघोळ करतो, आणि सकाळी आपलाच माणूस तेच डबकं तुडवून आत जातो. पाच रुपयांचा वॉशर बदलला की हा सगळा खेळ बंद.

मोकाट सोडलेल्या गावरानसाठी हे सगळं कसं जमणार, असं विचाराल. पूर्ण नाही जमत. पण खाणं-पाणी तरी छपराखाली द्या, अंगणात फेकून नका देऊ. आणि आजूबाजूला पक्षी मरायला लागले तर तेवढे दिवस कोंबड्या कोंडून ठेवता येतील एवढी बंदिस्त जागा आधीपासून करून ठेवा, तेव्हा धावपळ करून जाळी मिळत नाही.

४. पाणी

तळ्याचं, कॅनॉलचं, ओढ्याचं पाणी सरळ ड्रिंकरमध्ये नको. बोअरचं घ्या. बोअर नसेल तर टाकीत भरून ब्लिचिंग पावडर नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या टाकून, मुरू देऊन मगच द्या. टाकीला झाकण पाहिजे, नुसतं पत्रा ठेवलेलं झाकण नाही, घट्ट बसणारं. उघड्या टाकीच्या कडेवर पारवे बसतात आणि कुठे शिटतात हे सांगायला नको.

एक सापळा: पाण्यातून लस द्यायची असेल तर त्याच्या आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद. लस जिवंत व्हायरसची असते, क्लोरीनला आपला व्हायरस आणि परका व्हायरस कळत नाही, दोन्ही मारतं. लशीच्या पाण्यात थोडी दूध पावडर टाकायला सांगतात ती पण उरल्यासुरल्या क्लोरीनसाठीच.

५. चप्पल, गाडी, ट्रे आणि पाहुणे

सगळ्या लेखातलं हे एकच वाचलंत तरी चालेल.

शेडची वेगळी चप्पल किंवा गमबूट, जे शेडच्या दारातच राहतात, घरी जात नाहीत. बाहेरची चप्पल बाहेर. दारात एक बुटकी भिंत नाहीतर नुसती फळी आडवी टाका, तिच्या अलीकडे बाहेरची चप्पल काढायची, पाय उचलून पलीकडे ठेवायचा तो थेट आतल्या गमबुटात. फळी असली की माणसाला आठवतं, नसली की आज घाई आहे म्हणून तसाच घुसतो.

फुटबाथचं, म्हणजे दारातल्या पाय बुडवायच्या भांड्याचं, सांगतो कारण नव्वद टक्के शेडांच्या दारात तो नुसता दाखवायला असतो. तसराळ्यात आठ दिवसांपूर्वीचं गढूळ पाणी, वर दोन मेलेल्या माश्या आणि एक पीस. जंतुनाशक शेणामातीवर काम करत नाही हो, आधी घाण निघाली पाहिजे. म्हणून दोन भांडी ठेवा, पहिल्यात साबणाचं पाणी आणि ब्रश, तळवा घासायचा, मग दुसऱ्यात औषधाचं पाणी. फ्लूचा आणि रानीखेतचा दोन्ही व्हायरस वरून चरबीच्या आवरणाचे आहेत, साबणाने ते आवरण फुटतं, त्यामुळे साधा साबण सुद्धा मोठं काम करतो. दुसऱ्या भांड्यातलं पाणी रोज बदला, जास्त घाण झालं तर दोनदा. सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त पडतं पण उन्हात त्याचा जोर जातो, सावलीत ठेवा. चुना वापरत असाल तर कोरडा पाहिजे, दगड झालेल्या चुन्यावरून चालून काही होत नाही.

अंड्याचे ट्रे. व्यापारी अंडी घेऊन जातो आणि बदल्यात रिकामे ट्रे देतो, ते कुठकुठल्या दहा शेडांतून, बाजारातून फिरून आलेले असतात. कागदी ट्रे हातात घेऊन उलटा करून बघा, खाचेत वाळलेली शीट आणि फुटलेल्या अंड्याचा बलक चिकटलेला असतो, तो धुताही येत नाही. कागदी ट्रे परत घ्यायचाच नाही, एकदा गेला तो गेला. प्लॅस्टिकचे घेत असाल तर धुवून, औषधाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून मगच आत. पिल्लांचे बॉक्स, कोंबड्या उचलायचे क्रेट, सगळ्यांना हाच नियम. व्यापाऱ्याला राग येतो, येऊ द्या, तो दोन मिनिटांत विसरतो.

गाडी शेडपर्यंत आणायची नाही. रस्त्याच्या कडेला थांबवा, तिथून खाद्य आपल्या हातगाडीवर आणा. आणावीच लागली तर आधी टायर आणि खालचा भाग फवारून घ्या. लिफ्टिंगची, म्हणजे विकलेल्या कोंबड्या उचलून नेणारी गाडी सगळ्यात धोक्याची कारण ती एकाच रात्रीत पाच-सहा शेडं फिरते, आणि तिची पोरं पण तीच, कपडे पण तेच.

कामाला ठेवलेल्या माणसाच्या घरी कोंबड्या आहेत का विचारा. असल्या तर आपल्या शेडात कपडे बदलूनच काम, किंवा त्याच्याही कोंबड्यांना आपणच लस द्यायची, हे स्वस्त पडतं. आणि बाजारात विकायला नेलेली, न खपलेली कोंबडी परत आणायची नाही. मावशी म्हणतील एवढी चांगली कोंबडी कशाला सोडायची, त्यांना द्या खायला पण शेडात परत नको.

पाहुण्यांना पण आत नेऊ नका, शेजारच्या पोल्ट्रीवाल्याला तर मुळीच नको. चहा बाहेर पाजा.

६. बदक, टर्की, कबुतर एकत्र नको

यूट्यूबवर बघून लोक एकाच शेडात बदकं, गावरान, टर्की, गिनी फाउल आणि वर कबुतरांचा खुराडा असं सगळं करतात, दिसायला लई भारी. पण बदक व्हायरस घेऊन ठणठणीत राहतं आणि शेजारची कोंबडी मरते, कळतही नाही आलं कुठून. त्यात तीच बदकं दिवसा तळ्यावर सोडतात जिथे रानबदकं बसलेली असतात, म्हणजे पाहुणचार पूर्णच. बदकं पाळायची असतील तर वेगळी पाळा, वेगळा माणूस, वेगळी भांडी.

नवीन आणलेला पक्षी, कोंबडा असला तरी, दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा. हंगामात बाजारातून सुट्या कोंबड्या आणूच नका. वय मिसळू नका, एक बॅच गेली की शेड रिकामं करा, धुवा, चुना मारा, काही दिवस मोकळं ठेवा, मग पुढची.

७. लस

रानीखेतसाठी साधारण असं असतं: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात-नाकात थेंब. चार-पाच आठवड्यांनी लासोटाचा बूस्टर, बहुतेक पाण्यातून. आठ आठवड्यांनंतर आर-२-बी, ते इंजेक्शन. हे गावरान आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं झालं, ब्रॉयलरचं आणि पुढच्या डोसांचं तुमच्या भागातल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. आर-२-बी लहान पिल्लांना मारू नका, ती जोरदार लस आहे, पिल्लंच आजारी पडतील.

लहान पाळणाऱ्यांची अडचण अशी की घरी कोंबड्या पंधरा आणि बाटली शंभर डोसची. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, ठेवून उपयोग नाही. मग गल्लीतले, वस्तीवरचे चार-पाच जण एकत्र या, एक सकाळ ठरवा, सगळ्यांच्या कोंबड्या एकदम. यात तुमचाही फायदा, कारण शेजारणीच्या मोकाट कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या डोक्यावर टांगती तलवार राहतेच. लस दुकानातून आणताना थर्मास आणि बर्फ न्या. खिशात घालून मोटारसायकलवरून उन्हात आणलेली लस म्हणजे पाणीच.

बर्ड फ्लूच्या मारक्या प्रकारासाठी आपल्याकडे कोंबड्यांना लस द्यायला परवानगी नाही, धोरण आहे ते बाधित पक्षी नष्ट करायचं. त्यामुळे कुणी बर्ड फ्लूची लस म्हणून काही विकत असेल, औषध पाण्यात टाका होतच नाही म्हणत असेल, तर त्याला बाहेरूनच नमस्कार. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही हे पण एकदा सांगून ठेवतो.

८. हंगामात रोजची नोंद

ऑक्टोबर ते मार्च एक शंभर पानी वही शेडात टांगा. रोज चार आकडे: मेले किती, अंडी किती, खाद्य किती, पाणी किती. पक्षी मरायच्या आधी पाणी आणि खाद्य कमी होतं, अंडी घटतात, कवच पातळ पडतं. हे नजरेने कळत नाही, आकड्यांनी कळतं.

आसपास मेलेले रानपक्षी दिसले तर हात लावू नका, फोटो काढा, जागा सांगा, वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एखादा कावळा मेला म्हणून घाबरायचं कारण नाही, विजेच्या तारेला लागून पण मरतो. एकाच ठिकाणी चार-दोन दिवसांत अनेक मेले तर मात्र गंभीर. आणि धरणावर फटाके वाजवून पक्षी हाकलायचे प्रकार करू नका. एक तर वन्यजीव कायद्यात अडकाल, दुसरं म्हणजे बसलेला थवा उठवून तुम्हीच चार तळ्यांवर पसरवता.

आता आपल्या बाजूचं. मेलेली कोंबडी ओढ्यात, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला टाकणं बंद करा. चिकन दुकानांचा कचरा पाणवठ्यावर टाकतात, बंदी असलेल्या मांगूर माशाच्या तळ्यांत खाद्य म्हणून ओततात, तिथे कावळे, घारी, बगळे, कुत्री सगळी जत्रा असते. व्हायरस शेडातून जंगलात जातो तो असा. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत एच५एन१ निघाला. मेलेली कोंबडी पुरायची ती अशी: खोल खड्डा, चुना, वरून माती आणि त्यावर दगड, नाहीतर कुत्रं रात्रीत उकरतं. कोंबडखत विकायचं असेल तर ताजं देऊ नका, ढीग करून झाकून कुजवा, आतली उष्णताच बरंच काम करते.

९. मरतूक सुरू झाली तर

एकदम मरतूक वाढली, तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळसर पडली, डोकं सुजलं, पायाच्या नळ्यांवर लाल डाग दिसले, किंवा काहीच न दिसता सकाळी दहा-वीस मेलेल्या निघाल्या, तर:

आधी शेड बंद. आत-बाहेर काही नाही, अंडी नाही, खत नाही, पक्षी नाही.

मग दवाखान्यात फोन, पशुधन विकास अधिकाऱ्यांना. ते नाही मिळाले तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर. स्वतः कोंबडी फाडून बघू नका. मानमोडी आणि बर्ड फ्लू बाहेरून एकसारखे दिसू शकतात, अनुभवी माणूसही नजरेने छातीठोक सांगू शकत नाही, नवापूरचं वर सांगितलंच. निकाल प्रयोगशाळेचाच. नमुने पुण्याला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. मरायला लागल्या की माणूस घाईघाईने उरलेल्या विकून टाकतो, निम्म्या भावात. पैसे थोडे वाचतात, पण त्या गाडीबरोबर व्हायरस अख्ख्या तालुक्यात जातो. शिवाय २००९ च्या केंद्राच्या कायद्याने असा रोग कळवणं बंधनकारक आहे. आणि व्यवहाराचं बघायचं तर भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची, खाद्याची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यात जेवढे दिवस घालवाल तेवढी भरपाई कमी. हे गणित मांडून दाखवलं की भलेभले गप्प होतात.

बर्ड फ्लू निघालाच तर साधारण एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात, वाहतूक-विक्रीवर बंदी येते. शेजाऱ्याच्या निरोगी कोंबड्या पण जातात, त्यावरून गावात भांडणं होतात, शिव्या बसतात, तयारी ठेवा. शेड साफ करून परवानगी मिळेपर्यंत पुन्हा पिल्लं टाकता येत नाहीत, त्यात महिने जातात.

माणसाला लागण क्वचित होते पण होते, भारतातला पहिला मृत्यू २०२१ ला, हरियाणातला लहान मुलगा. त्यामुळे मरतूक असताना मास्क, हातमोजे, चष्मा, आणि पोरांना शेडाकडे फिरकू द्यायचं नाही. नंतर ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आठवणीने सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. खाण्याचं म्हणाल तर ७० अंशाला व्हायरस मरतो, आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे जातो. कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं तेवढं नको.

१०. हाताशी काय असू द्यायचं

सामान: दोन जोड गमबूट, ब्रश, दोन तसराळी, हायपोक्लोराइट किंवा डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक, धुण्याचा साबण, चुन्याची गोणी (प्लॅस्टिकमध्ये, कोरड्या जागी), पाठीवरचा फवारणी पंप, हा शेडचाच वेगळा, तणनाशक मारलेला नको. मास्क, हातमोजे, जाड प्लॅस्टिक पिशव्या, खड्ड्यासाठी फावडं.

कागद: पिल्लं घेतल्याचं बिल, खाद्याची बिलं, लशीच्या बाटल्यांवरचे बॅच नंबर आणि तारखा लिहिलेली वही, रोजच्या नोंदीची वही, ग्रामपंचायतीची नाहरकत, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, शेडचे आणि पक्ष्यांचे तारखेसकट फोटो. पक्षी किती होते हे नंतर तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि बिल नसेल तर तोंडी आकडा कुणी ऐकत नाही. पिल्लं देणारे बिल द्यायला टाळाटाळ करतात, त्याशिवाय पैसेच सोडू नका.

आणि दवाखान्याचा नंबर नुसता तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून काही उपयोग नाही. शेडच्या दारावर ऑइलपेंटने मोठ्या आकड्यांत लिहा, कारण पहाटे पहिली मेलेली कोंबडी दिसते ती कामावरच्या माणसाला, आणि तुम्ही नेमके त्या दिवशी लग्नाला गेलेले असता.